पगार माळ्याचा, काम माळिणीचं



ठाण्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा लोणावळ्याला बंगला आहे आणि बंगल्यावर माळी ठेवला आहे. त्या लिहितात, "माळ्याची बायकोही हाताशी असते. थोरली मुलगी तर फारच कामसू आहे, अगदी घरच्यासारखी. दिवाळीला बायकोला साडी द्यावी की रोख पैसे? आणि मुलीला काय दिलं म्हणजे तिला आनंद होईल?"

साडी की पैसे, याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण पत्रातले दोन शब्द काही केल्या माझ्या मनातून जाईनात. एक 'हाताशी' आणि दुसरा 'घरच्यासारखी'. कारण मी राहते तुंगार्लीत, आणि माझ्या खिडकीतून असल्या 'हाताशी' असणाऱ्या बायका मला रोज दिसतात.

तुंगार्ली म्हणजे लोणावळ्याचाच एक भाग. वर धरण, राजमाचीला जाणाऱ्या मुलांची वाट इथूनच, आणि खाली उतारावर बंगलेच बंगले. मालक बहुतेक मुंबई-पुण्याचे. सोमवार ते शुक्रवार पुढच्या दाराला कुलूप आणि मागच्या खोलीत माळ्याचं बिऱ्हाड. पूर्वी बंगल्यात फक्त मालकांची माणसं यायची, तीसुद्धा मे महिन्यात आणि गणपतीनंतर. आता बरेचसे बंगले 'व्हिला' म्हणून दिवसाच्या भाड्याने जातात. मोबाईलवर बुकिंग होतं आणि शुक्रवारी रात्री बारा-बारा, पंधरा-पंधरा माणसं उतरतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली की आम्ही इथल्या बायका भाजी आणायलासुद्धा बाहेर पडत नाही.

या पंधरा माणसांचं कोण करतं? बाग माळी बघतो, पाण्याची मोटर आणि फाटक तोच बघतो, ते त्याचं काम. त्याचा त्याला पगार आहे. पण सकाळी सहाला पहिला चहा कुणी ठेवायचा? पोहे, मग जेवण, मग चारची भजी, मग रात्री पुन्हा भाकऱ्या? भांडी कुणी घासायची? चिखलाच्या पायांनी भरलेली फरशी दिवसातून तीनदा कुणी पुसायची? आणि पाहुणे गेल्यावर सहा पलंगांच्या बारा चादरी? पावसात त्या वाळतही नाहीत, व्हरांड्यात दोऱ्या बांधून, पंख्याखाली धरून वाळवाव्या लागतात. हे सगळं माळीण करते. शनिवारी सकाळी सहा ते रात्री अकरा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत. दोन दिवसांचे तीस तास तरी होतात. कारखान्यात आठ तासांचा दिवस धरतात. म्हणजे या दोन दिवसांत तिचे जवळजवळ चार दिवस भरले. मोबदला? "हाताशी असते."

आमच्या शेजारच्या बंगल्यावरच्या माळिणीला मी एकदा सरळच विचारलं, "वहिनी, तुम्हाला वेगळा पगार किती?"

ती हसायला लागली. "मला कुठला आलाय पगार, बाई? मालकाच्या पगारातच आलं की सगळं. पैसं मालकाकडं असत्यात."

"कुठल्या मालकाकडे?" मी विचारलं. कारण आपल्याकडे नवराही मालक आणि बंगलेवालाही मालक! तिला माझा प्रश्न कळला आणि ती आणखीच हसली. "दोन्ही बी मालकच. एक मोबाईलवर पाठवतो, दुसऱ्याच्या मोबाईलवर येतात."

मी हसले खरी, पण घरी आल्यावर हिशोब मांडत बसले. मला स्वतःला तासिकेप्रमाणे पैसे मिळतात. शाळेला सुट्टी तर मलाही बिनपगारी सुट्टी. मे महिना कोरडाच जातो. त्याबद्दल माझी कुरकुर असते, ती घरात सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण निदान पैसे घेताना सही माझी असते, नाव माझं असतं. या बाईचं नाव तर कुठल्याच कागदावर नाही.

या विषयावर बोलायला लागलं की बंगलेवाल्या भगिनी काय म्हणतात, ते मला पाठ झालं आहे. "अहो, खोली फुकट आहे, वीज फुकट आहे. जुने कपडे देतो, उरलेलं अन्न देतो." आता बघा, खोली दिली आहे ती राखणीसाठी. माळी रात्री तिथे झोपला नाही तर बंगला राखणार कोण? ती खोली म्हणजे त्याच्या नोकरीची जागा आहे, बायकोच्या कामाचं भाडं नव्हे. उरलेल्या अन्नाबद्दल तर न बोललेलंच बरं. आणि ज्या बंगल्यात माळिणीच्या हातची भाकरी चालते, पण तिचा चहा मात्र मागच्या दाराशी वेगळ्या, कान तुटलेल्या कपात दिला जातो, अशी घरं अजून आहेत. कामाला माणूस एक आणि कपाला दुसरा!

दुसरं म्हणणं, "ती आपल्या मर्जीनेच करते, आम्ही कुठे सांगतो?" मर्जीचा भाग असा आहे की नोकरी गेली की खोली जाते. पोरांची शाळा, रेशनकार्डावरचा पत्ता, सगळं त्या खोलीला बांधलेलं. "माझं काम नाही," असं तिने एकदा म्हणून बघावं, पुढच्या महिन्यात दुसरं जोडपं हजर. गावोगावची माणसं कामाच्या शोधात इथे येतच असतात. आमच्याकडे तर माळी शोधताना 'जोडपं पाहिजे' असंच सांगतात. पगार एकाचा आणि माणसं दोन, हे त्यातच ठरून गेलेलं असतं.

आता त्या 'कामसू' मुलीकडे वळते.

मी ज्या शाळेत शिकवते तिथे बंगल्यांवरची बरीच मुलं येतात. हजेरीपट माझ्या हातात असतो. पावसाळ्यातला कुठलाही महिना काढा, सोमवारच्या रकान्यात गैरहजेरीच्या खुणा खाली खाली उतरत जाताना दिसतात, आणि नावं बघितली तर बहुतेक मुलींची. आई रविवारी दमून गेलेली असते आणि मंगळवारी नवे पाहुणे यायचे असतात, म्हणून सोमवारी चादरी, भांडी, न्हाणीघरं, सगळं उरकायला मुलगी घरी राहते. शनिवारी सकाळची शाळाही अशीच बुडते. आठवड्यातले दोन दिवस गेले. गणितात भागाकार सोमवारी सुरू झाला तर ती मुलगी मंगळवारी वर्गात बसून नुसती फळ्याकडे बघत राहते. सहावी-सातवीपर्यंत हे ओढलं जातं. मग एक दिवस आई येऊन सांगते, "तिचं डोस्कंच चालत नाही, बाई." डोकं चांगलं चालत होतं हो, सोमवार चालत नव्हता.

भावाला सहसा घरी ठेवत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. तो बाहेरच्या वाटेने जातो. गाडीला हात करून पाहुण्यांना बंगला दाखवायचा, पार्किंगला जागा धरायची, कुणाच्या तरी टपरीवर चहाचे ग्लास विसळायचे. पण त्याच्या हातात चार नाणी तरी पडतात. मुलीच्या कामाला नाणंही नाही, कारण ती 'आईला मदत' करते.

घरच्यासारखी म्हणता ना? मग आपल्या घरची मुलगी सोमवारी कुठे असते, तेवढंच आठवून बघा.

थोडं जुन्याकडे जाते, कारण आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीसाठी माणसं किती झगडली आहेत, ते आपण विसरतो. मुंबईच्या गिरण्यांत लहान लहान पोरं राबत असत. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली. सात वर्षं! म्हणजे आठ वर्षांचं पोर चालत होतं. १८९१ साली ती मर्यादा नऊवर गेली आणि बायकांच्या कामाचे तासही बांधले गेले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर कायदे मंडळात बोलले होते. हे सगळं गिरणीच्या फाटकाच्या आत. घरकाम करणारं पोर मात्र कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. घरी आणि हॉटेलात चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायचं नाही, ही बंदी आली १० ऑक्टोबर २००६ रोजी. १८८१ ते २००६, म्हणजे बरोबर सव्वाशे वर्षं कायदा घराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता.

बाईच्या नावाचंही तसंच. १९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडायला, बंधाऱ्यावर माती टाकायला लाखो बाया गेल्या. आमच्या आजीच्या तोंडी त्या दिवसांतल्या सुकडीच्या आठवणी असत. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामावर एक फार मोठी गोष्ट होती. हजेरीपटावर बाईचं नाव वेगळं असे आणि कामाच्या मापाला दर बाईला आणि पुरुषाला सारखाच. अंगठा तिचा, पैसे तिचे. म्हणजे दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला जे मिळालं, ते आजच्या टाइल्सच्या बंगल्यात फरशी पुसणारीला मिळत नाही.

आणि १९८० साली आपल्या पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, हे कित्येकींना ठाऊकही नसेल. पगारवाढ, हक्काची सुट्टी, दिवाळीला बोनस, अशा साध्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज पुण्यात "बाईंना महिन्याच्या सुट्ट्या असतातच" असं आपण सहज म्हणतो, त्यामागे त्या बायकांचा संप आहे. पण त्या चार-पाच घरी काम करणाऱ्या, संध्याकाळी आपल्या वस्तीत परत जाणाऱ्या बायका होत्या. वस्तीच्या नळावर एकमेकींशी बोलू शकत होत्या. आमच्या माळिणी प्रत्येक बंगल्याच्या कुंपणाआड एकेकट्या. त्यांचा नळ वेगळा, त्यांना बोलायला कुणी नाही.

आता कायदा काय सांगतो ते थोडक्यात, कारण पत्रं येतील मला ठाऊक आहे. २०१६ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. एक सवलत आहे: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावू शकतं. आईची भाजलेल्या कणसांची गाडी असेल आणि शाळेतून आल्यावर मुलाने कणसं सोलून दिली, तर ते या सवलतीत बसतं. पण तुमचा बंगला हा काही माळ्याच्या कुटुंबाचा धंदा नव्हे! पाहुण्यांचं भाडं तुमच्या खात्यात येतं. तिथे त्या मुलीने शाळा बुडवून न्हाणीघर घासलं तर "आईला मदत करते" हे उत्तर पुरायचं नाही.

मोठ्या बायकांसाठी आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकाम करणाऱ्या बाईला त्यात नाव नोंदवता येतं. अपघात, आजारपण, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, यांसाठी मदतीची तरतूद त्यात आहे. शिवाय २०१३ च्या कायद्यामुळे घरकाम करणाऱ्या बाईशी कुणी गैरवर्तन केलं तर तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे मी मुद्दाम लिहिते. पंधरा अनोळखी माणसं, त्यातली निम्मी पिऊन तर्र आणि रात्री अकराला बर्फ मागायला मागच्या खोलीचं दार वाजवतात, तेव्हा आत ती आणि तिची मुलगी असते. अंधार पडल्यावर पाहुण्यांनी मागच्या खोलीकडे जायचं नाही, हे भाड्याच्या नियमांतच छापून टाका. 'पोहण्याच्या तलावात काचेचे ग्लास नेऊ नयेत' हे छापता ना?

पण २००८ चा हा कायदा कल्याणाचा आहे. पगार किती, सुट्ट्या किती, हे तो ठरवून देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. तो कायदा कधी येईल तो येवो, या दिवाळीपर्यंत तुमच्या माळिणीचा पगार ठरवणार तुम्हीच.

मग काय करावं? माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, मुंबईला बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांचा बंगला आमच्या गल्लीच्या टोकाला. त्यांनी एक साधी वही ठेवली आहे. वहीत दोन पानं, दोन नावं. माळ्याचा महिन्याचा पगार पहिल्यासारखाच. माळिणीला रोजच्या झाडलोटीचा वेगळा पगार आणि पाहुणे असतील त्या दिवसांचे दिवसाप्रमाणे जास्तीचे पैसे. तेही तिच्या स्वतःच्या बँकेच्या खात्यात. हे जास्तीचे पैसे त्यांनी पाहुण्यांच्या भाड्यातच धरले. कुणा पाहुण्याने तक्रार केली नाही, कुणाला कळलंसुद्धा नसेल. चादरी धुवायला सोमवारी वस्तीतली एक बाई रोजाने येते. माळिणीची सुट्टी मंगळवारी. रविवार तिच्या नशिबी नाहीच, तो पाहुण्यांचा!

हे ऐकून दुसऱ्या एका बंगल्यावर काय झालं तेही सांगते. तिथल्या मालकांनी मोठ्या उत्साहाने माळिणीच्या नावाने खातं उघडलं आणि माळ्याचा जो पगार होता त्याचेच दोन भाग करून अर्धा तिच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. घरात भांडणं लागली. माळी म्हणे, "माझी कमाई तुला दिली." आणि त्याचं तरी काय चुकलं? तिच्या कामाचा पगार त्याच्या कमाईतून कापायचा नसतो, वरून द्यायचा असतो. म्हणून आधीच सांगते, वाटणी करू नका, भर घाला. आणि नवऱ्याला बोलावून दोघांसमोर सांगा की हा पगार कशाचा.

वस्तीतली बाई चादरी धुवायला यायला लागल्यापासून त्या बँकेतल्या बाईंच्या माळिणीची मुलगी सोमवारी वर्गात दिसते. अगदी दर सोमवारी नाही. जुलैत एकदा पाहुणे दोन दिवस जास्त राहिले तेव्हा ती पुन्हा गैरहजर होती, आणि मंगळवारी आली तेव्हा हाताला साबणाने चिरा पडलेल्या होत्या. पण महिन्यातले चार सोमवार जाण्याऐवजी एक गेला. त्या तिमाहीत तिचा भागाकार सुटला.

कुठे लहान मूल कामाला ठेवलेलं दिसलं तर १०९८ या नंबरवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. माझं मत विचाराल तर आपल्या ओळखीच्या घरी आधी मालकिणीशी बोलावं. बऱ्याच जणींना आपण काही गैर करतोय असं वाटतच नसतं. बोलूनही काही फरक पडला नाही, किंवा मूल मारहाणीच्या, उपासमारीच्या स्थितीत असेल, तर मात्र थांबू नये.

ठाण्याच्या ताईंना सांगायचं ते असं. साडी जरूर द्या, रंग तिलाच विचारा. आपल्याला न शोभलेला रंग तिच्या गळ्यात मारू नका. पण साडी ही दिवाळीची भेट झाली. पगार वेगळा, तो दर महिन्याला. बोनस म्हणून एका महिन्याचा पगार, दोघांनाही आपापल्या नावाने. मुलीला काय द्यायचं, असं विचारलंत. या पावसाळ्यात तिच्या सोमवारी धुवायला दुसरी बाई लावा.

आणि माळिणीचं नाव कल्याण मंडळात नोंदवायचं असेल तर सरकारी कामगार कार्यालयात चौकशी करा. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि फोटो लागतात, शिवाय ती तुमच्याकडे काम करते असं तुमच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. पहिले तीन कागद ती आणेल. चौथा तुम्हालाच लिहून द्यावा लागेल. तो लिहिताना तिचं नाव तिच्या आधार कार्डावर आहे तसंच पूर्ण लिहा. 'आमच्या माळ्याची बायको' असं लिहिलेलं एक प्रमाणपत्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.